तेल वाढतंय

ईनिडबाईंच्या गाडीनं तेल मागायचं सोडलं
त्याला आता सात महिने झाले.
क्लिफर्ड होता तेव्हा महिन्याला अर्धा पाइंट प्यायची.
वहीत लिहिलंय त्यानं पेन्सिलीनं: तारीख, मैल, किती ओतलं.
वही अजून डाव्या दाराच्या कप्प्यात.
शेवटची नोंद जूनची. पुढची पानं कोरी.

“तो गेला आणि ही शहाणी झाली,” त्या म्हणतात.
“जाताना काहीतरी करून गेला असणार.”

कीथलीतला जानेवारी. उतारावरची दगडी घरं
जुन्या गिरण्यांच्या काजळीनं अजून काळी,
आणि लाल मिनी, माझ्याहून दोन वर्षांनी थोरली,
बॉनेट वर करून उभी,
दातांच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी.

मी बस डेपोत दुपारपाळीला.
रविवारी तरी इंजिनं नकोत, असं ठरवलेलं.

काडी ओढली. फडक्यानं पुसली,
बुडवली, पुन्हा ओढली.
वरच्या खुणेच्याही वर, दोन बोटं.

कमी झालं तर कुणीही विचारतं, गेलं कुठं?
वाढलं तर कोण विचारतंय.

आबांनी विचारलं असतं.
गडहिंग्लजच्या अलीकडं, दूध संकलन केंद्रावर
पहाटे चारला लॅक्टोमीटर घेऊन बसायचे ते.
म्हैस तीच, वैरण तीच, आणि दूध एकदम दीड लिटर जास्त,
अशा माणसाला ते आधी चहा विचारायचे.
मग काचेची नळी सोडायचे किटलीत.
नळी खाली जायची. माणूसही खाली बघायचा.
“घटलं तर म्हैस आटली आसंल, पोरी.
वाढलं तर मात्र बघाय पायजे.”

आधी पाण्यावर संशय. तो सोपा.
तेलाच्या झाकणाखाली पिवळी साय धरली असती,
रेडिएटर उणा दिसला असता.
साय नाही. रेडिएटर काठोकाठ.
पाणी कुठंच मुरत नव्हतं.

मग एक थेंब बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला.
तेल बोटाला धरून राहतं.
हे सुटून जात होतं, घाई असल्यासारखं.
नाकाशी नेलं
आणि म्हणाले, ईनिडबाई,
आधी ती सिगारेट विझवा.

पेट्रोल.

इंजिनाच्या पाठीमागं, हात जेमतेम शिरेल
अशा बोळात पंप. दोन नट.
एक निमूट सुटला, दुसऱ्यानं माझी सालं काढली.
आत रबराचा पडदा, पुरीएवढा.
एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला तेल,
दोघांची गाठ पडू न देता
इतकी वर्षं वरखाली हलत होता बिचारा.
कडेला चीर. नखाएवढी.
थेंबाथेंबानं पलीकडं,
आणि खाली बेअरिंगं, गिअर, सगळी
त्याच पातळ तेलात न्हात होती, तक्रार न करता.

“म्हणजे तो नव्हता,” ईनिडबाई म्हणाल्या.

मी फडक्याला हात पुसत राहिले.
इतके काही माखले नव्हते.

नवा पंप बसवला. जुनं तेल काढलं तर
आमटीसारखं धो धो आलं.
नवं ओतलं खुणेपर्यंत, त्याच्या वर एक थेंब नाही.

मार्चात दार वाजलं. ईनिडबाई, घरातल्या सपातांवर,
हातात काडी, टोकाचा थेंब माझ्या पायरीवर.
“खाली आलंय.”
दोन खुणांच्या मधोमध. अर्धा पाइंट, बरोब्बर.
हसत होत्या की काय, कळलं नाही,
वारा तोंडावर होता.

मी म्हटलं, वहीत लिहायला हवं.
वही त्यांनी आणलेलीच होती काखेत, पेन्सिलीसकट.
जूनच्या ओळीखाली
त्यांचं अक्षर, त्याच्यापेक्षा मोठं, ओळ सोडून चाललेलं.
तारीख लिहिली.
मग पेन्सिल थांबली.
“आणि मैल,” त्यांनी विचारलं, “ते कुठं बघायचे असतात?”